दोन मॅगझिनांमधला वेळ

माझा धंदा खोट्या बंदुकांचा. जुहूला, कोळीवाड्याकडे जाणाऱ्या एका गल्लीत, माझं दहा बाय पंधराचं वर्कशॉप आहे. नाटक, मालिका, सिनेमा, कुणालाही हत्यारं लागली की मागणी माझ्याकडे येते. तलवारी, दांडपट्टे, पिस्तुलं, रायफली. लाकडाच्या, फायबरच्या, आणि मारामारीत नटाला लागू नये म्हणून रबराच्या. आम्ही त्यांना ‘डमी’ म्हणतो. तीस वर्षं हे काम करतोय. या तीस वर्षांत एक गोष्ट मी येईल त्याला ठासून सांगत आलो. ती चुकीची होती, एवढंच सांगायला आज बसलोय.

ती गोष्ट अशी, की खरा शिपाई आपल्या हत्याराला हात लावत नाही. सरकारनं दिलं तसं ते वापरतो, पुसतो, तेल घालतो आणि कोतात, म्हणजे शस्त्रागारात, परत ठेवतो. कॉलेजात असताना मी एनसीसीत होतो. थ्री-नॉट-थ्रीचा पट्टा जरा सैल दिसला तरी मैदानाला फेऱ्या मारायला लावणारे उस्ताद आम्हाला होते. ते डोक्यात इतकं पक्कं बसलं, की पुढे महायुद्धाच्या फोटोंत दोन मॅगझिनं चिकटपट्टीनं बांधलेली, पुढची मूठ काढून टाकलेली, दस्त्याला भलतीकडेच पट्टा अडकवलेला अशी एखादी सबमशीनगन दिसली, की मी म्हणायचो, ही पलटण बेशिस्त. आणि सिनेमात तसं दिसलं, की म्हणायचो, फॅशन. एकदा एका सहायक दिग्दर्शकानं माझ्या डमीवर काळी टेप लावून मागितली होती. मी त्याला सेटवर चार लोकांसमोर ऐकवलं, “हे सैनिक आहेत रे, नाक्यावरची पोरं नाहीत.” लोक हसले. तो गप्प बसला. त्याचा चेहरा मला आता आठवतो, तेव्हा आठवत नव्हता.

चार वर्षांपूर्वी एक तरुण दिग्दर्शिका माझ्याकडे आली. नाईक यशवंत घाडगे यांच्यावर तिला वीस मिनिटांचा लघुपट करायचा होता. नाव मी ऐकलं होतं. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला माणूस, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा, इटलीत पडला, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय बावीस. याच्यापलीकडे मला माहिती नव्हती. “दादा, टॉमीगन लागेल,” ती म्हणाली. मी म्हटलं, आठ दिवसांत घेऊन जा.

आठ दिवसांत मी जी बनवली ती शिकागोच्या गुंडांची टॉमीगन होती. खाली गरगरीत गोल डबा, नळीखाली उभी मूठ, दस्त्याला पियानोसारखं पॉलिश. थॉम्प्सन, म्हणजेच टॉमीगन, म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हेच यायचं, आणि प्रेक्षकांच्याही येईल असा माझा हिशेब. दिग्दर्शिकेनं फोटो आणले होते. इटलीत आणि वाळवंटात लढणाऱ्या हिंदी आणि ब्रिटिश सैनिकांच्या हातातल्या थॉम्प्सनला डबा नव्हता, सरळ पट्टीसारखं मॅगझिन होतं. उभ्या मुठीच्या जागी आडवं लाकूड होतं. पट्ट्याच्या कड्या खालच्या बाजूला नव्हत्या. एक दस्त्याच्या वर, दुसरी पुढच्या लाकडाच्या डाव्या अंगाला. मी म्हटलं, “मॅडम, ही मोडतोड केलेली आहे. ओरिजिनल मी बनवलीय ती.” ती म्हणाली, “पण लढाईत मोडतोड केलेलीच होती ना?” मला राग आला. वयानं माझ्या मुलीएवढी पोर मला बंदुका शिकवत होती.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात. मूळ साताऱ्याकडचे, उभी नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत. संध्याकाळी चौपाटीवरून परतताना ते माझ्याकडे टेकतात, चहा घेतात आणि जातात. त्या दिवशी वाद चालू असतानाच ते आले. मला वाटलं, आता माझी बाजू घेणारा आला. काकांनी डमी उचलली आणि कानाजवळ नेऊन हलवली.

“ह्यात गोळ्या भरल्या म्हंजे वाजंल का न्हाई?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “काका, ही डमी आहे.”

“ते कळतंय मला. पर वाजंल का?”

ते गेल्यावर मी डब्यात पन्नास लोखंडी नट टाकले आणि हलवून बघितलं. लहान मुलाचा खुळखुळा. रात्रीच्या गस्तीला असला खुळखुळा गळ्यात अडकवून जाणाऱ्याला शत्रूनं शोधायची गरजच नाही. थॉम्प्सनचा पन्नास गोळ्यांचा डबा सैनिकांनी का टाकला, याचं पहिलं कारण मला पुस्तकात मिळण्याआधी माझ्या हातात मिळालं.

दुसरं कारण खांद्यात मिळालं. रिकामी थॉम्प्सन पाच किलोंच्या आसपास भरते, आणि भरलेला डबा लावला की वर आणखी दोन किलो. माझी फायबरची डमी सव्वा किलोची. मी तिच्यात शिसं ओतून सात किलो केली, गोणपाटात गुंडाळली आणि पहाटे कोळीवाड्याच्या टोकापासून सिल्व्हर बीचपर्यंत वाळूतून चाललो. जाताना ठीक होतं. परत येताना पट्टा मानेत रुतला, डबा दर पावलाला मांडीवर आपटत राहिला, आणि जिथे पट्ट्याची कडी खाली होती तिथे बंदूक उलटी फिरून तिचं तोंड वाळूकडे जायला लागलं. मी दोनदा थांबून ती सरळ केली. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा समजलं, की त्या कड्या वर आणि बाजूला का गेल्या असतील. कडी वर असली की बंदूक गळ्यात आडवी राहते, तोंड पुढे, चाप हाताशी. खांद्यावरून काढा, फिरवा, धरा, हे तीन हिशेब वाचतात. ज्याला मी मोडतोड म्हणत होतो ती कुणीतरी मैलोन्‌मैल चालून केलेली दुरुस्ती होती.

मग मी वाचायला लागलो, आणि माझी एकेक खात्री गळायला लागली.

स्टेनगन घ्या. 1941 पासून ब्रिटननं घाईघाईनं काढलेली, पत्र्याची, तीन किलोंची, डाव्या कुशीतून आडवं मॅगझिन निघालेली. मी आजवर शंभर नटांना तरी स्टेन धरायला शिकवलं असेल, आणि प्रत्येकाला डाव्या हातानं ते मॅगझिन घट्ट धरायला लावलं. पडद्यावर छान दिसतं. सैन्याचं शिक्षण याच्या नेमकं उलट होतं. मॅगझिनवर जोर दिला की ते आपल्या जागी हलतं, गोळी तिरकी वर येते आणि बंदूक अडकते. म्हणून हात नळीच्या वेष्टनावर. मॅगझिन 32 गोळ्यांचं, पण स्प्रिंगवर भरवसा नसल्यानं जाणते शिपाई दोन-चार गोळ्या कमीच भरायचे. तीस भरून तीस चालाव्यात, हे बत्तीस भरून दुसऱ्याच गोळीला अडकण्यापेक्षा बरं.

स्टेनचं आणखी एक दुखणं होतं. दस्त्यावर आपटली तर आतला जड बोल्ट झटक्यानं मागे सरकायचा, पुढे येताना गोळी उचलायचा आणि कुणी चाप न ओढताच ती सुटायची. गाडीतून उडी मारताना, झोपताना बंदूक भिंतीला टेकवताना, असे अपघात होत. पुढे बोल्टची दांडी अशी केली, की ती आत दाबली की समोरच्या भोकात जाऊन बसावी आणि बोल्ट जागचा हलू नये. सुभेदारकाकांनी सुरुवातीच्या काळात स्टेन वागवली, नंतर कानपूरच्या कारखान्यात बनलेली स्टर्लिंग जातीची कारबाइन. मी त्यांना विचारलं, “काका, स्टेनचं काय आठवतं?” मला वाटलं, एखादी चकमक सांगतील. ते म्हणाले, “झाडीत अडकायची. मॅगझिन बाजूला ना. वेलीत, दोरीत, फुडच्याच्या पाठीवरल्या सामानात. रातच्याला चालायचं तर कड्यांना चिंध्या गुंडाळायचो, वाजू नये म्हणून. आन्‌ झोपताना तिला आडवी ठेवायची, उभी न्हाई.” एवढंच. एका शब्दातही मर्दुमकी नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीचीच 1971 मधली एक प्रसिद्ध हकीकत आहे. बांगलादेशात जमालपूरला जंगी पलटणीनं, म्हणजे रेजिमेंटच्या पहिल्या बटालियननं, पाकिस्तानी तुकडीचा परतीचा रस्ता अडवला होता. शरण या, असा निरोप गेला. त्यावर पाकिस्तानी कर्नलचं जे उत्तर आलं त्या कागदात एक गोळी गुंडाळलेली होती, आणि मजकुराचा आशय असा, की लेखणी तुम्ही फार छान चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेन घेऊन भेटा. त्यानंतर पाकिस्तानी सैन्यानं रात्री वेढा फोडून निघायचा प्रयत्न केला, तो जंगी पलटणीनं मोडून काढला आणि जमालपूर पडलं. ही हकीकत मी अनेकदा रंगवून सांगितली आहे. पत्रातली स्टेन ही शौर्याची खूण आहे, झाडीत अडकणारी, आपटली तर आपल्याच माणसाला मारणारी पत्र्याची वस्तू नव्हे. मी आयुष्यभर पत्रातली स्टेन बनवत आलो. काकांची कधी बनवलीच नाही.

इथपर्यंत आलो आणि मी दुसरी चूक केली. माणूस एका टोकावरून सुटला की दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. आता मला प्रत्येक बदल म्हणजे शहाणपण वाटायला लागला. दिग्दर्शिकेला मी म्हटलं, “घाडग्यांच्या बंदुकीला दोन मॅगझिनं टेप लावून देतो. एक सरळ, एक उलटं. एक संपलं की फिरवायचं आणि लावायचं.” महायुद्धात थॉम्प्सन वापरणाऱ्या अनेकांनी हे केलं होतं. ती खूश झाली. काका मात्र उलट्या मॅगझिनकडे बघत राहिले.

“ह्याचं तोंड कुठं?”

“खाली.”

“आन्‌ शिपाई कुठं?”

मी काही बोललो नाही.

“शिपाई जमिनीवर,” ते म्हणाले आणि चहा संपवून गेले.

सव्वीस-अकरानंतरच्या या शहरात चौपाटीवर टॉमीगन घेऊन लोळायची माझी हिंमत नव्हती. म्हणून दोन घमेली ओली वाळू आणून वर्कशॉपच्या फरशीवर पसरली आणि कोपरांवर सरपटत दहा फूट गेलो. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. माझा पोऱ्या दारात उभा राहून तोंडावर हात धरून हसत होता. उठून बघितलं, तर खालच्या मॅगझिनचं तोंड जुहूच्या वाळूनं गच्च भरलं होतं. त्या तोंडाच्या दोन पत्र्याच्या ओठांपैकी एक फरशीवर घासून वाकला होता. खऱ्या बंदुकीत ते मॅगझिन लावलं असतं तर पहिलीच गोळी अडकली असती. वाचवलेले चार सेकंद मी वाळूत घालवले होते.

तेव्हा मला सगळ्या फोटोंकडे नव्यानं बघता आलं. सैनिकानं केलेला प्रत्येक बदल हा एक सौदा होता. काहीतरी मिळवायला त्यानं काहीतरी सोडलं होतं. रशियन शिपायाच्या पापाशा नावाच्या सबमशीनगनला 71 गोळ्यांचा डबा होता, पण डबे बंदुकीगणिक बसवून घ्यावे लागत आणि भरायला वेळ खात. म्हणून पुढे 35 गोळ्यांचं वाकडं मॅगझिन आलं. ऑस्ट्रेलियाच्या ओवेन गनला मॅगझिन चक्क डोक्यावर होतं. दिसायला विचित्र, नेम बाजूनं धरावा लागायचा, पण न्यू गिनीच्या चिखलात पालथं पडून ती चालायची, आणि जंगलात लपावी म्हणून तिच्यावर हिरवे-पिवळे पट्टे फासलेले असत. अमेरिकनांनी 1942 मध्ये थॉम्प्सनचं साधं मॉडेल काढलं तेव्हा त्याला डबा बसायची सोयच ठेवली नाही. सैनिकांनी डबे टाकून जे सांगितलं होतं, ते कारखान्यानं शेवटी ऐकलं.

आणि मग मी ते मानपत्र नीट वाचलं. घाडग्यांना व्हिक्टोरिया क्रॉस देताना सरकारनं छापलेलं.

दिवस 10 जुलै 1944. इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठ्यांची एक कंपनी शत्रूच्या ठाण्यावर चालून गेली. घाडगे एका सेक्शनचे कमांडर. सेक्शनमधल्या बहुतेकांकडे रायफली, टॉमीगन सेक्शन कमांडरकडे, अशी त्या काळची रीत. अगदी जवळून मशीनगनचा मारा आला आणि घाडगे सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. आधी ग्रेनेड फेकला. मशीनगन आणि ती चालवणारा संपला. मग टॉमीगननं आणखी एकाला मारलं. दोघं उरले होते. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्यानं त्या दोघांना ठार केलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते त्याच मोर्चात पडले.

हा प्रसंग मी आधीही ऐकला होता. पण माझ्या मनात तो ‘गोळ्या संपल्या’ असा होता. संगीत चढतं, नायक रिकामी बंदूक उगारतो, कट. मला ती पोवाड्यातली अतिशयोक्तीही वाटायची. बंदूक असताना कोण सोट्यासारखी वापरतो? मानपत्रात गोळ्या संपल्या असं कुठेच नाही. वेळ नव्हता, असं आहे. ती टॉमीगन मिनिटाला सातशेच्या घरात गोळ्या झाडते. वीस गोळ्यांचं मॅगझिन दोन सेकंदांच्या आत रिकामं, तीसचं तीनच्या आत. आणि बदलायला? दिग्दर्शिकेनं मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि मी करून बघितलं. खटका दाबा, रिकामं ओढून काढा, कंबरेच्या पिशवीचं बटण उघडा, भरलेलं घ्या, मागची कड खाचेत नेमकी बसवून वर सरकवा. पंख्याखाली उभं राहून मला आठ सेकंद लागले. वर्कशॉपभर धावून दम लागल्यावर अकरा. समोर कोणी नव्हतं.

घाडग्यांच्या समोर हाताच्या अंतरावर दोन माणसं होती.

दोन मॅगझिनांमधले हे काही सेकंद, यावरच ती सगळी टेप, तो पट्टा, त्या कमी भरलेल्या गोळ्या, त्या चिंध्या उभ्या आहेत. कोणी ते सेकंद टेपनं कमी करू पाहिले, कोणी मोठ्या डब्यानं, कोणी पिशवीचं बटण कापून. ज्याच्याजवळ यातलं काहीच उरलं नाही त्यानं बंदूक उलटी धरली. नुकतीच झाडलेली, तापलेली नळी हातात. बंदुकीत केलेला तो शेवटचा बदल, आणि त्याला एक क्षणही लागला नाही.

पुढच्या वर्षी, 9 एप्रिल 1945 ला, त्याच इटलीत सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी काय केलं तेही आता मला वेगळं दिसतं. नगर जिल्ह्यातल्या निमजचे हे शिपाई, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप नेणारे. दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून पार नेल्यावर ते परतले आणि टॉमीगन घेऊन एका मशीनगनवर चालून गेले. हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती त्यांनी टाकून दिली आणि ग्रेनेडवर आणखी दोन मशीनगन संपवल्या. मग बांधावर उघड्यावर उभं राहून शिवरायांच्या नावाची आरोळी देत मागच्यांना बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते जगले, 1984 पर्यंत. पूर्वी मी म्हणालो असतो, सैनिकानं हत्यार टाकलं? आता म्हणतो, चालत नसलेलं हत्यार किती क्षण धरून ठेवायचं, हे त्यांना कळलं.

लघुपटाला मी शेवटी जी डमी दिली ती साधी होती. एक सरळ मॅगझिन, आडवं लाकूड, दस्त्यावर वर बसवलेली कडी, पॉलिश नाही. कड्यांना चिंध्या काकांनी स्वतः बांधून दिल्या. दस्त्याच्या टाचेला मी एक चीर पाडली, कॅमेऱ्यात दिसेल न दिसेल अशी. टेपचा हट्ट मी सोडला. सोडायला मला सगळ्यात जास्त त्रास त्याचा झाला, कारण नवीन शिकलेली गोष्ट मिरवायची हौस जुन्या अडाणीपणाइतकीच चिवट असते. ज्या सहायक दिग्दर्शकाला मी सेटवर ऐकवलं होतं, तो आता मोठ्या मालिका करतो. त्याला फोन करून माफी मागितली. त्याला तो प्रसंग लख्ख आठवत होता.

आता कोणी बंदूक मागायला आलं की मी दोन प्रश्न विचारतो. हा माणूस किती चालून आलाय? आणि याचं दुसरं मॅगझिन कुठे आहे? बहुतेकांकडे उत्तर नसतं. मग आम्ही बसतो, चहा मागवतो आणि ते उत्तर शोधतो. बंदूक त्यानंतर.

घाडग्यांची कबर नाही. त्यांचं नाव इटलीत कसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे, 2023 मध्ये मोंटोने गावात त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं गेलं, आणि इकडे माणगावच्या तहसील कचेरीत त्यांचा पुतळा आहे. जुहूहून कोकणात जाताना माणगाव वाटेतच लागतं. मी त्या रस्त्यानं वीसएक वेळा तरी गेलो असेन. गाडी थांबवली ती पहिल्यांदा गेल्या वर्षी.